ऑनलाइन मैत्रीबद्दल घरी कसं सांगायचं? सोलापूरच्या मुलामुलींसाठी

सोलापुरात नवीन माणसाची चौकशी तीन प्रश्नांत होते. गाव कुठलं, आडनाव काय, वडील काय करतात. एवढं कळलं की पुढचं आपोआप होतं. कुणाची तरी आत्या बार्शीत दिलेली असते, कुणाचा मेहुणा अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला असतो, आणि दोन फोनांत त्या माणसाचं सगळं खानदान घरात कळतं. शाळेतल्या मैत्रिणीला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा तुम्हाला काही समजावून सांगावं लागलं नाही, ते यामुळेच. ती कुठल्या पेठेतली आणि कुणाची, हे आईनं तुमच्याआधी काढलेलं असतं.

फोनवर झालेल्या मैत्रीत मध्ये कुणीच ओळखीचं नसतं. रांगोळीचे व्हिडिओ बघता बघता एका मुलीशी बोलणं सुरू झालं, किंवा फ्री फायरच्या स्क्वॉडमध्ये एक पोरगा रोज भेटायला लागला. तुम्हाला तो मित्र वाटतो. आईबाबांच्या दृष्टीनं तो नुसता एक नंबर असतो, त्याला ना गाव ना घर. त्यांचा आवाज चढतो तो बऱ्याचदा रागानं नव्हे. चौकशी करायची तरी कुठून, हेच त्यांना कळत नाही म्हणून. तेव्हा घरी नुसतं सांगून टाकू नका. त्यांना चौकशी करता येईल अशी सोय करून द्या. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

माझ्याकडे संध्याकाळी शिकवणीला नववी ते बारावीची मुलं येतात. हे सगळं त्यांच्याशी बोलता बोलता जमलेलं आहे, त्यामुळे त्याच वयाच्या मुलांसाठी लिहिते आहे. पालकांनी वाचलं तरी चालेल.

पहिली पायरी: घरी सांगण्याआधी स्वतः चौकशी करा

आई जे विचारणार आहे ते आधी स्वतःला विचारा. वहीचं एक पान घ्या आणि त्या मित्राबद्दल जे जे माहीत आहे ते लिहून काढा. मग प्रत्येक ओळीपुढे लिहा, हे कशावरून? बऱ्याच ठिकाणी "तो म्हणाला" एवढंच उत्तर निघेल. त्यावरून तो खोटं बोलतो असं होत नाही. पण आईसमोर बसाल तेव्हा ऐकलेलं कुठलं आणि पाहिलेलं कुठलं हे तुम्हाला पक्कं माहीत पाहिजे.

अजून व्हिडिओ कॉल झाला नसेल तर आधी तो करा. कॅमेरा खराब आहे हे कारण एकदा चालतं, प्रत्येक वेळी चालत नाही. कॉलवर आला की बोलता बोलता सहज म्हणा, खिडकीतून काय दिसतं दाखव, आज वर्गात काय लिहिलंस दाखव. हल्ली चेहरा आणि आवाज दोन्ही बनावट तयार करता येतात, त्यामुळे तोंड दिसलं म्हणजे झालं असं धरू नका. प्रोफाइलचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. तोच फोटो दुसऱ्या कुणाच्या नावानं सापडला तर पुढचं वाचायची गरज नाही, ब्लॉक करा आणि तेवढं घरी सांगा.

माझ्या मते फोटोपेक्षा दिनक्रम जास्त खरं बोलतो. समोरचा म्हणतो मी महाराष्ट्र बोर्डाचा, यंदा दहावीला आहे. पण परीक्षेच्या दिवसांत, भूमितीचा पेपर चालू असताना दुपारी बारा वाजता तो गेममध्ये ऑनलाइन दिसतो. असं कसं? शाळा कधी सुटते, सहामाही कधी झाली, गणपतीत सुट्टी किती मिळाली, असल्या साध्या गोष्टी खऱ्या विद्यार्थ्याला आठवाव्या लागत नाहीत. वय चोरणाऱ्याची गाडी नेमकी इथं अडते.

आता काही गोष्टी अशा आहेत की त्यातली एक जरी घडली असेल तर तुमचं घरी बोलणं वेगळं होणार आहे. फोटो मागितले, तेही "फक्त माझ्यासाठी" म्हणून. पैसे, ओटीपी किंवा बाबांच्या यूपीआयबद्दल काही विचारलं. गेममध्ये स्वतःहून डायमंड नाहीतर यूसी (गेममधली विकतची नाणी) घेऊन दिले आणि नंतर त्याची आठवण करून द्यायला लागला. इन्स्टावरून दुसऱ्याच कुठल्या तरी ॲपवर ये म्हणाला, जिथं मेसेज आपोआप पुसले जातात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे "घरी सांगू नकोस" म्हणाला. लाजाळू मित्र स्वतःच्या घरी सांगायला घाबरेल, ते समजू शकतं. पण तुमच्या घरी तुम्ही काय सांगायचं नाही हे ठरवणारा माणूस मित्र नसतो. यातलं काही असेल तर मधलं सगळं सोडा आणि "आधीच काही बिघडलं असेल तर" हा भाग आधी वाचा.

तुमच्या बाजूनं काही लपवलेलं असेल तर तेही त्याच पानावर लिहा. इन्स्टाग्रामला खातं उघडायला किमान 13 वर्षं लागतात, आणि 18 खालच्यांना वेगळं किशोर खातं मिळतं, ज्यात अनोळखी माणसाला थेट मेसेज करता येत नाही. भारतात ते 2025 मध्ये आलं. तुमच्या खात्यावर अनोळखी लोकांचे मेसेज सर्रास येत असतील तर खातं उघडताना जन्मसाल खोटं टाकलंय का ते आठवा. बाबांना हे तुमच्या तोंडून कळलेलं बरं. त्यांचं त्यांना सापडलं तर मूळ विषय बाजूला राहील आणि त्यावरच तासभर जाईल.

दुसरी पायरी: कुणाला आणि कधी

दोघांना एकदम सांगायलाच पाहिजे असा काही नियम नाही. ज्याच्याशी तुम्ही एरवी जास्त बोलता त्याला आधी सांगा. पण "बाबांना सांगू नको" अशी अट घालू नका. आईला दोन्हीकडून अडकवल्यासारखं होतं, आणि बाबांना नंतर कळलं की ते आईवर चिडतात. त्याऐवजी म्हणा, "बाबांना कसं सांगायचं ते तूच सांग." हे आयांना आवडतं.

मावशी, काका, मोठा चुलतभाऊ यांना मध्ये घालायचं असेल तर माणूस बघून घाला. काही मावश्या अशा असतात की त्यांना सकाळी सांगितलेलं संध्याकाळी जोडभावी पेठेपर्यंत पोचतं. आजीला कमी लेखू नका. तिला इन्स्टा कळत नसेल, पण माणूस कळतो. शिवाय घरात तिनं "बघू तरी कोण आहे पोरगी" म्हटलं की अर्धं काम होतं.

वेळेचं मात्र फार मनावर घ्या. पाणी येण्याच्या दिवशी हा विषय काढू नका. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, आणि आलं की घरातल्या प्रत्येक भांड्याला आणि माणसाला काम असतं. बाबा रात्रपाळी करून आलेत तेव्हा नको. आई विड्यांचा हिशेब देऊन आली आणि पानं कमी भरली म्हणून वैतागलेली आहे, तेव्हा तर नकोच. निकालाच्या आठवड्यात नको. आणि फोन हातातून काढून घेतल्यावर रडत रडत सांगणं सगळ्यात वाईट, कारण मग ते सांगणं राहत नाही, सापडणं होतं.

मग कधी? हात कामात आणि डोळे खाली असतील तेव्हा बोलणं सोपं जातं. चटणीसाठी शेंगा सोलत बसलात, रविवारी दुपारी कपड्यांच्या घड्या घालताय, बाबांच्या गाडीवर मागं बसून सात रस्त्याकडून घरी येताय. समोरासमोर टक लावून बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं. बाबांबरोबर सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं फेरी मारायची सवय असेल तर त्याहून चांगली जागा नाही. देवळाच्या आवारात बाप शक्यतो ओरडत नाही.

तिसरी पायरी: पहिलं वाक्य

बहुतेक मुलं इथं घसरतात. "आई, तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय, पण तू चिडणार नाहीस ना?" असं म्हटलं की आईच्या मनात पुढच्या दोन सेकंदांत जे येतं ते तुमच्या खऱ्या गोष्टीपेक्षा दहापट भयंकर असतं. प्रस्तावना नको. रोजच्या आवाजात, रोजच्या बोलण्यात सांगा.

अशोक चौकाकडं राहणाऱ्या अकरावीतल्या एका मुलीनं हे कसं केलं ते तिच्याच शब्दांत देते. शेंगांनी भरलेलं सूप दोघींच्या मध्ये होतं.

"आई, रांगोळीचे व्हिडिओ दाखवते ना मी तुला, त्यातली एक मुलगी इचलकरंजीची आहे. चार महिने झाले, आम्ही बोलतो."

"बोलतो म्हंजे? फोनवर?"

"मेसेजवर. दोनदा व्हिडिओ कॉल झालाय."

"आन् मला आत्ता सांगायलीस?"

"हो. तू तिला एकदा बघावंस असं वाटतंय, म्हणून सांगायलेय."

आई थोडा वेळ नुसती सोलत राहिली. मग म्हणाली, "कुणाची हाय ती?"

"वडील लूमवर आहेत, आपल्या बाबांसारखे. आई ब्लाउज शिवते."

"इचलकरंजीत लूम लई हाईत. तुझ्या बाबांचा एक जोडीदार गेलाय तिकडं कामाला."

झालं. चौकशीला वाट सापडली. आईनं होकार दिलेला नाही, पण तिच्या डोक्यात आता एका घराचं चित्र आहे. त्या मुलीनं "बेस्ट फ्रेंड" वगैरे शब्द वापरले नाहीत, ते बरं केलं. चार महिन्यांचे "आत्ताच, आठवडाभर" केले नाहीत, हे त्याहून बरं केलं. मुदत कमी करून सांगायचा मोह होतोच, पण चॅट वर सरकवली की तारीख दिसते. आणि "आत्ता सांगायलीस?" याला तिनं वाद घातला नाही. हो म्हणाली आणि पुढं गेली.

घरात तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलत असाल तर हे त्याच भाषेत सांगा. मराठी किंवा इंग्रजी शाळेतली मुलं असल्या विषयाला एकदम शाळेच्या भाषेत शिरतात आणि आईला वाटतं, पोरगी पाठ करून आलीय. "फॉलो", "डीएम", "सर्व्हर" हे शब्द टाळा, नाहीतर एकदा हातात फोन देऊन ते काय आहे ते दाखवा. गेममध्ये बोलता येतं हेच काही बाबांना माहीत नसतं. त्यांना वाटतं पोरगा नुसता गोळ्या मारतोय.

चौथी पायरी: त्यांचे प्रश्न

"मुलगा की मुलगी?" हा दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न असतो. मुलगा असेल तर मुलगा सांगा. फोनमध्ये मित्राचं नाव मुलीच्या नावानं सेव्ह करणं ही फार जुनी युक्ती आहे आणि प्रत्येक आईला ती ठाऊक आहे. मुलींना इथं जास्त ऐकून घ्यावं लागतं, हे मला मान्य आहे आणि ते योग्य नाही हेही मान्य आहे. पण या पहिल्या बोलण्यात तो वाद जिंकायला जाऊ नका. "आम्ही कशाबद्दल बोलतो ते दाखवू का?" हे वाक्य त्या वेळी जास्त उपयोगी पडतं.

जात-धर्माचा प्रश्न येईल, थेट किंवा आडनावाच्या आडून. माहीत असेल ते सांगा, माहीत नसेल तर "विचारलं नाही, मैत्रीला लागलं नाही" म्हणा. आवाज न चढवता. मोठ्यांना हा प्रश्न स्थळ बघण्याच्या सवयीनं सुचतो. तुम्ही लग्नाचं विचारत नाही आहात हे त्यांच्या लक्षात यायला एकदोन दिवस लागतात, तेवढे द्या.

"त्याला आपलं काय काय सांगितलंस?" हा प्रश्न बाबा विचारतात आणि तो खरोखर महत्त्वाचा आहे. घराचा पत्ता, शाळा किंवा कॉलेज, क्लासची वेळ, बाबांच्या कारखान्याचं नाव, घरात कोण किती वाजता नसतं, यातलं काय गेलंय ते प्रामाणिकपणे सांगा. शाळेच्या गणवेशातला फोटो टाकला असेल तर शाळा सांगितलीच म्हणून समजा. गेलेलं परत येत नाही, पण पुढं काय द्यायचं नाही ते दोघांनी मिळून ठरवता येतं.

"फोन दे इकडं." इथं सगळ्यांचा तोल जातो. माझं मत सांगते, पटलं तर घ्या. प्रोफाइल, फोटो, कॉलची यादी आणि चॅटचा कुठलाही भाग दाखवायची तयारी ठेवा. मात्र मैत्रिणीनं स्वतःच्या घरातलं काही विश्वासानं सांगितलं असेल, वडिलांचं दारू पिणं म्हणा, आजारपण म्हणा, तर तसं स्पष्ट बोला: "यात तिच्या घरच्या गोष्टी आहेत, तेवढ्या मी नाही दाखवणार. बाकी हे बघ." बरेच पालक हे ऐकतात, कारण दुसऱ्याच्या घरचं झाकायचं असतं हे त्यांनीच तुम्हाला शिकवलेलं असतं. तरीही हट्ट धरला तर दाखवा. तुम्ही अठरा वर्षांचे नाही, फोन त्यांच्या पैशाचा आहे, आणि झटापटीत फोन हिसकावला गेला तर मैत्रीचा मुद्दा तिथंच संपतो. एक करू नका: सांगण्याच्या आदल्या रात्री बसून चॅट पुसू नका. अर्धवट पुसलेली चॅट पूर्ण चॅटपेक्षा संशयास्पद दिसते.

पाचवी पायरी: दोन्ही घरांची गाठ घालून द्या

लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही पायरी विसरू नका. ज्या घरांत पुढं काही कटकट झाली नाही, तिथं दोन आया एकमेकींशी बोललेल्या होत्या.

आधी मित्राला सांगा की मी घरी सांगितलंय आणि माझ्या आईला तुझ्या आईशी बोलायचंय. तो काय म्हणतो ते नीट ऐका. "थांब, मी आधी घरी सांगतो, मला आठवडा दे" हे बरोबर उत्तर आहे. त्यालाही हाच घाट चढायचाय. हवं तर हा लेख त्याला पाठवा. "कशाला उगाच मोठ्यांना मध्ये आणायचं" हे उत्तर आलं आणि पुन्हा पुन्हा येत राहिलं, तर पहिल्या पायरीवरचं पान काढून परत वाचा.

कॉल दिवसा ठेवा, दहा-पंधरा मिनिटांचा. सुरुवातीला दोन्ही मुलं आणि दोन्ही आया दिसतील असं बसा, मग तुम्ही बाजूला व्हा. आयांना बोलायला विषय लागत नाही. आपल्या शेंगाचटणीत लसूण किती आणि ती उखळात कुटता का मिक्सरला लावता, एवढ्यावर पंधरा मिनिटं जातात. आणि त्या गप्पांतून आईला जे कळायचं ते कळतं: घर कसलं आहे, मागं कोण वावरतंय, बाई मुलाशी कशी बोलते. नंतर दोघींनी एकमेकींचे नंबर घ्यावेत. त्या एकमेकींना सकाळी फुलांचे शुभेच्छा-फोटो पाठवायला लागल्या की समजा, तुमचं काम झालं.

बाबांना वेगळी चौकशी करायची असेल, कुणाला तरी त्या गावात विचारायला लावायचं असेल, तर करू द्या. अपमान वाटून घेऊ नका. मित्रालाही आधी सांगून ठेवा की असं होईल.

नाही म्हणाले तर

म्हणू शकतात. पहिल्या दिवशीचा नकार शेवटचा नसतो, पण तुम्ही दुसऱ्या दिवशी नव्या नावानं खातं काढलंत तर तो शेवटचा होईल. दुसरं सिम, मैत्रिणीचा फोन, कॉलेजातलं वायफाय, या सगळ्या वाटा असतात आणि त्या सापडतातही. सोलापूर छोटं आहे.

त्यापेक्षा विचारा, नक्की काय खटकतंय? वेळ जास्त जातो, मुलगा आहे, रात्रीचं बोलणं होतं, का नुसती भीती वाटते? कारण कळलं तर त्यावर काहीतरी पुढं ठेवता येतं. रात्री नऊनंतर फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावेन. आठवड्यातून दोनदाच गेम. बोलणं हॉलमध्ये बसून. आणि मग ते खरंच पाळा. महिन्याभरानं पुन्हा विषय काढा, "तू सांगितलंस ते केलं, आता एकदा कॉल करून बघशील का?"

मित्राला मात्र अंधारात ठेवू नका. "घरी नको म्हणालेत, काही दिवस बोलणार नाही, तुझी काही चूक नाही" एवढा मेसेज करण्याची परवानगी मागा. ती सहसा मिळते.

घरात बोलण्यापेक्षा मारच मिळणार अशी खात्री असेल, तर आधी शाळेतल्या विश्वासातल्या बाईंशी किंवा सरांशी बोला, नाहीतर 1098 वर फोन करा. ही मुलांसाठीची मोफत मदतवाहिनी आहे, दिवसरात्र चालते.

आधीच काही बिघडलं असेल तर

फोटो पाठवला आणि आता तो धमकी देतोय, पैसे मागतोय. किंवा तो पंधरा वर्षांचा निघाला नाही, पस्तीसचा निघाला. अशा वेळी वर सांगितलेली वेळ, जागा, शेंगा, सगळं विसरा. आज सांगा, आत्ता सांगा. वाक्य एवढंच पुरे: "मी एका लफड्यात अडकलोय, मला मदत पाहिजे, रागवायचं नंतर रागव."

पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढा, त्याच्या खात्याचं नाव आणि लिंक, नंबर, यूपीआय आयडी, सगळं दिसेल असे. मग ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच थांबवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर घरबसल्या करता येते. महिला आणि मुलांबाबतच्या गुन्ह्यांची माहिती तिथं नाव न देताही कळवता येते. जीवाला धोका वाटत असेल तर 112.

फोटो पसरण्याची भीती असेल तर "टेक इट डाउन" नावाची मोफत सेवा आहे, 18 वर्षं पूर्ण होण्याआधी काढलेल्या फोटो-व्हिडिओंसाठी. फोटो तुमच्या फोनमधून कुठं जात नाही, त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होतो आणि त्या ठशावरून सहभागी कंपन्या तो फोटो ओळखून काढून टाकतात. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी अशीच "स्टॉप एनसीआयआय" आहे.

"पोलिसांत गेलो तर गावभर होईल" म्हणून घरचे मागं सरतात. त्यांना हे सांगा: 18 खालच्या मुलांसाठी 2012 चा पॉक्सो कायदा आहे. त्यात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि वर्दीत न येता. आईवडील किंवा मुलाच्या विश्वासातलं माणूस सोबत असतं. मुलाचं नाव, फोटो, शाळा, घर, काहीही बातमीत छापता येत नाही.

आणि पालक वाचत असतील तर: अशा वेळी पोरानं तोंड उघडलंय, तेव्हा पहिली थप्पड त्याला मारू नका. धमकी देणारा नेमका त्याच थपडेच्या भरवशावर बसलेला असतो.

प्रत्यक्ष भेटायचं ठरलं तर

दोन्ही घरांचं बोलणं होऊन काही महिने गेले, सगळं सुरळीत आहे, तरच हा विषय. एकट्यानं जायचं नाही, यावर चर्चा नाही. कुणीतरी मोठं माणूस सोबत, निदान नजरेच्या टप्प्यात पाहिजे.

मित्र सोलापुरात येणार असेल तर दिवसाची, उघडी, माणसांची वर्दळ असलेली जागा निवडा. सिद्धेश्वर मंदिराचं आवार, भुईकोट किल्ल्याची बाग, हुतात्मा बाग. कुणाच्या खोलीवर नाही, लॉजवर नाही, पहिल्याच भेटीत घरीही नाही. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, बोलवायचं मुलांच्या फार मनात असतं, पाळणे आहेत, खायला आहे, मजा येते. पहिल्या भेटीला गड्डा नको. त्या गर्दीत फोनची रिंगही ऐकू येत नाही, चुकामूक झाली की सगळ्यांची धावपळ. दुसऱ्या वर्षी खुशाल बोलवा.

तुम्ही पुण्याला जाणार असाल तर हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, मुक्काम पडत नाही, त्यामुळे घरचे लवकर तयार होतात. भेटायची जागा आधीच ठरवा, ऐन वेळी बदलली तर जायचं नाही. व्हॉट्सॲपवर आठ तासांचं लाइव्ह लोकेशन आईला लावून ठेवा आणि चार्जर बरोबर घ्या.

त्या रांगोळीवाल्या मुलीच्या घरी मात्र सगळ्यात सोपा मार्ग निघाला तो पंढरपूरचा. दोन्ही घरं तशीही वर्षातून एकदा विठोबाला जातातच, मग एकाच दिवशी जाऊ म्हणाले. कुणी कुणाकडं पाहुणं जायचा प्रश्न नाही, सोबत आख्खं घर, आणि बाबांना "एका पोरीला भेटायला एवढ्या लांब" असं वाटत नाही. तुम्हालाही जमण्यासारखं असेल तर आषाढी-कार्तिकी आणि महिन्याच्या एकादश्या सोडून साधा वार धरा, भेटायची वेळ दर्शनानंतरची ठेवा कारण रांगेचा भरवसा नसतो, आणि जेवणाचे पैसे कोण देणार यावरून दोन बापांची ओढाताण होऊ नये म्हणून दोन्ही आयांना ते आदल्या दिवशीच फोनवर ठरवायला सांगा.